आधी पिन, मग बातमी

५ ऑक्टोबर १९८७, सोमवार
कॉलेज सोडून आज सतरा दिवस. पश्चात्ताप शून्य. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोफेसरने भर वर्गात विचारलं, मिस्टर स्ट्रँड, लक्ष कुठं आहे? लक्ष दुसऱ्या रांगेत कोरिनकडे होतं, हे त्यालाही दिसत होतं. तसाच उठलो, ऑफिसात गेलो, नाव काढून घ्यायच्या फॉर्मवर सही ठोकली. चार मिनिटांत काम.

घरी अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. सवडीने.

फ्रॅटर्निटीचं हाऊस, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या आम्हा पोरांचं राहायचं घर, मात्र सोडलेलं नाही. खोली टर्म संपेपर्यंत माझी आहे, आणि भाऊपणा आजन्म असतो, असं शपथेतच आहे. आमचा प्रेसिडेंट थॅचर म्हणाला, सतरा तारखेला सगळ्यांचे आईबाप येणार, त्यांच्यासाठी हाऊसची एक पान माहिती लिही. तुझ्याकडे वेळच वेळ आहे. खवचट आहे, पण माणूस बरोबर निवडला.

निश्चय: रोज सकाळी सहाला उठणे.

६ ऑक्टोबर, मंगळवार. ११.४०
उठलो.

पानाची सुरुवात झाली: 'पालकहो, फ्रॅटर्निटी म्हणजे नुसती बिअर नव्हे.' मिसेस प्रुइट म्हणाल्या, मग काय ते पण लिही की. त्या आमच्या हाऊस-मदर. खालच्या मजल्यावर राहतात, बत्तीस पोरांना काटा-चमचा धरायला शिकवतात आणि प्रत्येकाचं सगळं त्यांना ठाऊक असतं. विचारलं, घरी फोन केलास का रे? म्हटलं, लाइन बिझी होती. म्हणाल्या, अठरा दिवस? तुझी आई बोलतेय तरी कुणाशी एवढं?

८ ऑक्टोबर, गुरुवार
योजना पक्की. आई रागावत नाही. ती गप्प होते आणि बटाटे सोलत बसते, त्यापेक्षा राग परवडला. तेव्हा वाईट बातमीच्या आधी चांगली बातमी हवी. आधी सून दाखवायची, मग कॉलेजचं सांगायचं. जेवण झाल्यावर, आईने भाजलेला फळांचा गोड 'पाय' खाताना.

कोरिनकडे माझं जॅकेट आहे. सप्टेंबरच्या मॅचपासून. नको असतं तर परत नसतं का केलं? मुली बोलत नाहीत, जॅकेट ठेवून घेतात.

पानात मुद्दा दुसरा: 'तुमच्या मुलाच्या शर्टावर छोटी पिन दिसेल. ती तो एखाद्या मुलीला देतो तेव्हा अर्धा साखरपुडा झाला समजावं. मग सगळे भाऊ तिच्या हाऊससमोर जाऊन गाणं म्हणतात, आणि पिनवाल्याला झाडाला बांधून त्याच्यावर केचप, पीठ आणि कालची उसळ ओततात. ही आनंदाची गोष्ट आहे. पोलिसांना फोन करू नये.'

१० ऑक्टोबर, शनिवार
माझा रूममेट ग्रेडी. गरीब प्राणी, दगडांचा अभ्यास करतो. त्याची पिन शर्टावर नाही. विचारलं तर कानापर्यंत लाल झाला. हरवली असणार. चांगला झापला. म्हटलं, लेका, पिन म्हणजे काय कोटाचं बटण आहे? म्हणाला, वेंडेल, तुला एक सांगायचंय. म्हटलं, आधी पिन शोध, मग तोंड उघड.

हल्ली ग्रेडी दिवसातून दोनदा आंघोळ करतो. अभ्यासाचा ताण असावा.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
आनंद.

काल संध्याकाळी समोरच्या मुलींच्या हाऊसमध्ये दिवे मालवून मेणबत्ती फिरली. सगळ्याजणी गोल उभ्या राहतात, मेणबत्ती हातोहात जाते, जिला पिन मिळाली असेल ती फुंकर मारते. कोरिनने फुंकली.

माझी पिन अजून माझ्याच शर्टावर आहे. म्हणजे पोरीने माझ्या मनातलं आधीच ओळखलं. एवढा विश्वास. डोळे भरून आले.

मिसेस प्रुइट यांनी मला पायचे दोन तुकडे वाढले. म्हणाल्या, बाळा, जरा बस आधी, बोलायचंय. म्हटलं, अभिनंदन शनिवारी करा, सगळ्यांसमोर.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
पान आज द्यायचं होतं, आणि खाली चार ओळींची जागा उरली. तेवढ्यात कळलं, एका भावाच्या बापाने म्हणे थेट कॉलेजला फोन करून पोराचे मार्क विचारले. डोकं फिरलं. एका बैठकीत लिहिलं: 'तुमचा मुलगा कायद्याने सज्ञान आहे. त्याने कॉलेज सोडलं तरी कॉलेज घरी कळवत नाही. काही जाणून घ्यायचं असेल तर मुलालाच सरळ विचारावं.' हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

थॅचरने दोनदा वाचलं. म्हणाला, वेंडेल, हे असंच छापू? नक्की? म्हटलं, एक अक्षर बदललंस तर बघ.

१७ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १
आले. बाबा ज्या धान्याच्या कोठारावर काम करतात तिथली टोपी घालूनच, आई रुबार्बचा पाय घेऊन. दीडशे प्रती वाटल्या. आई म्हणाली, तू लिहिलंस? मग चष्मा लावून सावकाश वाचते. पर्समध्ये ठेवली. सात वाजता कोरिनच्या हाऊससमोर गाणं. तिला म्हटलं, पुढे उभी राहा, तुझ्यासाठी काहीतरी आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार
काल.

मी पहिल्या रांगेत. गाणं संपलं, मी पिन काढायला लागलो. भाऊ धावत आले आणि माझ्या बाजूने पुढे गेले. ग्रेडीला उचलून झाडाला बांधलं. मी ओरडलो, अरे, चुकीचा माणूस धरलाय. सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद केला.

कोरिन पायऱ्यांवर आली. स्वेटरवर ग्रेडीची पिन. हरवली नव्हती.

कुणीतरी माझ्या हातात केचपची बाटली दिली. ओतलं. जरा जास्त ओतलं. ग्रेडी केचपखालून म्हणाला, तीनदा सांगायला आलो रे, तू पिनवरून झापत होतास.

कोरिनने माझं जॅकेट आईच्या हातात दिलं. धुऊन, घडी घालून. म्हणाली, त्या दिवशी थंडी होती म्हणून घेतलं होतं, द्यायचं राहूनच गेलं.

परत येऊन बघतो तर आई हाऊसच्या पायरीवर, चष्मा लावून, पान वाचतेय. शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, छान लिहिलंयस. सरळ विचारावं म्हणतोस. मग विचारते. कॉलेजात जातोस का?

उत्तराची तयारी झाली होती, पण ते सुनेपासून सुरू होत होतं. म्हटलं, नाही.

म्हणाली, कधीपासून? म्हटलं, अठरा सप्टेंबर. बाबा झाडाकडे बघत राहिले. आईने पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, जा, हात धू. केचप लागलंय.

सामान बांधायला मिसेस प्रुइट आल्या. थॅचर रिकामं पाकीट घेऊन आला. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, पण विद्यार्थी नसलेल्याची पिन हाऊसकडे राहते. शपथ आजन्म, पिन मात्र टर्मपुरती.

१९ ऑक्टोबर, सोमवार. घरी, सकाळी ६
उठलो. बाबांनी उठवलं. मका आलाय, कोठारासमोर ट्रकची रांग आहे.

आईने पान फ्रिजवर लावलंय. बटाटे सोलता सोलता म्हणाली, शेजारच्या इंगाचा मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजात जातोय, तिला लिहून दे. म्हटलं, देतो, फक्त शेवटचा मुद्दा गाळतो.

म्हणाली, तेवढाच दे. बाकीचं नाही दिलंस तरी चालेल.