रोज एक पुडी

३ डिसेंबर २००७, सोमवार

माझ्या उन्हावर अतिक्रमण झालं आहे! आमच्या मनवेलपाड्याच्या आवारात दोन बिल्डिंगींच्या फटीतून सकाळी दहा ते पावणेअकरा एवढंच ऊन खाली उतरतं — मोजून एका खुर्चीपुरतं. बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून गेली सहा वर्षं ती खुर्ची माझी. आज तिथे तळमजल्यावरचे बळीराम उघड्या अंगाने बसलेले! वर खोकत होते. 'डॉक्टरीनबाईनी सांगलाय साहेब, ऊन घ्यायचा.' मी सावलीत उभा राहून पेपर वाचला. इतिहासात याहून लहान कारणांवरून लढाया झाल्या आहेत.

५ डिसेंबर

भानगड समजली. ही बिल्डिंग बळीरामांच्या भातशेतीवर उभी आहे. समोरचीही. बिल्डरने बदल्यात तळमजल्याचा फ्लॅट दिला. तिथे सात वर्षं टीव्हीसमोर बसून आहेत, आणि खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगची भिंत. म्हणजे गृहस्थाने स्वतःचं ऊन स्वतःच विकलं. पावसाळ्यापासून तीनदा छाती भरली. नव्या डॉक्टर रचनाने रक्त मुंबईला पाठवलं. ड जीवनसत्त्व आठ! निदान वीस तरी हवं म्हणे. आणि शरीरातली सूज दाखवणारा दुसरा आकडा मात्र चढलेला.

प्रेशर तपासायला गेलो तेव्हा तिला याबद्दल छेडलं. म्हणाली, 'ते जीवनसत्त्व कमी म्हणून सूज जास्त, की सूज जास्त म्हणून ते कमी, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही. पण आठ म्हणजे फारच कमी. भरून काढायलाच हवं.'

'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर! हिची प्रॅक्टिस चालायची नाही.

९ डिसेंबर, रविवार

बळीरामांना रचनाने पुड्या लिहून दिल्यात. साठ हजार युनिटची एक, दुधातून, आठवड्याला एकदाच. असे आठ आठवडे. मला जिन्यात गाठून विचारलं, 'आठवड्याला एकच का ओ साहेब? रोज घेतली तं?'

मी म्हटलं, 'रोज घेतलीत तर आठ दिवसांत ठणठणीत व्हाल. मग तिची फी कोण भरणार?'

खूप हसले. हसताना खोकला आला, तरी हसत राहिले. साप्ताहिकातल्या माझ्या लेखात हे वाक्य वापरायला हवं.

१६ डिसेंबर

वापरलं. संपादकांनी फोन करून दाद दिली. आशालता — आमची ही — वाचून म्हणाली, 'ती डॉक्टर पोर बरी आहे. तिला कशाला टोचायचं?' बायकोला विनोद कळत नाही, हे मी एकोणीसशे ऐंशीपासून जाणून आहे.

४ जानेवारी २००८

बळीरामांचा खोकला गेला! खुर्ची मात्र परत केलेली नाही.

२० जानेवारी

बळीराम दोन दिवस खुर्चीवर नाहीत. उलट्या होताहेत. तहान इतकी की तांब्या खाली ठेवत नाहीत. पोट आठ दिवस साफ नाही. ऊन मला मिळालं. पेपरात काही नव्हतं.

२१ जानेवारी

दवाखान्यात ठेवलंय. भेटून आलो. मला ओळखलं, मग नाही ओळखलं. रचना म्हणते, छाती स्वच्छ आहे. सूजही उतरली. पण रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलंय आणि मूत्रपिंडं दमली आहेत. ते एवढं का वाढावं, हे तिला कळत नाही. उद्या मुंबईला नेऊन स्कॅन. तिने शब्द उच्चारला नाही, पण बायजाबाईंना — त्यांच्या बायकोला — तो कळला. 'कॅन्सर बघनार काय, साहेब?' मी म्हटलं, 'छे!' इतका निरुपयोगी शब्द मी आजवर छापला नव्हता.

२२ जानेवारी

सकाळी बायजाबाईंनी घराची किल्ली दिली. 'त्यांचा धुतलेला सदरा आना. नि फळीवरच्या डब्यातली पुडी. दोन दिस घ्यायची ऱ्हायली.'

'पुडी तर रविवारची ना?'

'नाय, रोजची. संपल्या का चिठ्ठी दाखवून दुकानातून आनायचे.'

डब्यात अकरा शिल्लक होत्या. डब्याशेजारी रिकाम्या पाकिटांना रबरबँड लावून ठेवलेला — बायजाबाई काही टाकत नाहीत. मोजली. एकेचाळीस.

जिना. माझं वाक्य. ते हसणं.

दवाखान्यात पोचल्याबरोबर रचनाला गठ्ठा दाखवला. म्हटलं, 'हे रोज घेत होते.' एवढंच म्हटलं. 'कोणी सांगितलं' हा भाग तोंडातून बाहेर पडला नाही. लेखात मी कधी अर्धं वाक्य सोडत नाही.

तिने स्कॅन रद्द केलं. सलाईन वाढवलं. मग वॉर्डातच बायजाबाईंकडे वळली. 'मावशी, आठवड्याला एक म्हणून मी चारदा सांगितलं होतं! औषध म्हणजे काय खडीसाखर आहे? जीव गेला असता त्यांचा!' आठही खाटांवरचे लोक बघत होते. नर्स बघत होती. मी बघत होतो.

बायजाबाई पदराचं टोक पिळत उभ्या. 'चुकला बाई माझा,' म्हणाल्या.

२५ जानेवारी

कॅल्शियम उतरतंय. बळीरामांनी पेज मागितली.

२८ जानेवारी

मूत्रपिंडं सुधारताहेत. आवारात मात्र चर्चा: म्हातारीने नवऱ्याला औषधाने मारलाच होता! दुसऱ्या मजल्यावरच्या पिंकीने तर मला सुचवलं, 'काका, याच्यावर लिहा ना, सॉलिड होईल!' मी म्हटलं, बघू.

लिहिलं नाही. झोपलोही नाही धड. आशालताने विचारलं काय झालं. प्रेशर, म्हटलं.

३१ जानेवारी

दवाखान्यात गेलो. रचना राउंडवर होती. त्याच वॉर्डात, आठ खाटांसमोर, सांगितलं — 'रोज घ्या' हे मी म्हटलं होतं. बायजाबाईंची चूक नाही. गंमत केली होती.

'गंमत,' ती म्हणाली. मग, 'केसपेपरवर लिहावं लागेल.' लिहा म्हटलं. पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

बायजाबाई मागोमाग पॅसेजमध्ये आल्या. रागावलेल्या! 'कशाला बोललात चारचौघांत? मला ठाऊक नव्हता काय? पहिल्या दिसापासून ठाऊक. दूध ढवळताना रोज बोलायचे, साहेबानी युक्ती दिली. मला बोलनी बसली तं बसली, मी घरची. तुमचा नाव पेपरात येतो.'