आईले विचारून सांगते

मु. आंजी (मोठी),
बुधवार

प्रिय सुरभी,

पौर्णिमा मास्तरीण उद्या शाळेच्या कामानं हिंगणघाटले चालली, तिच्याच हाती हे पत्र देऊन राह्यली. फोनवर बोलता येत नाई. तुम्हा सासू-सुनेचे हात सदा शेणात अन् फोन सदा स्पीकरवर, माह्या मनातलं कमलाबाईनं काऊन ऐकावं? एकटी असशीन तवाच वाचजो.

तुमच्या खताच्या नव्या गोणीचा फोटो पाह्यला. ‘कमल-सुरभी गांडूळ खत’. छान दिसते हो! तुह्या बाबानं गावभर दाखवला. मीबी वा वा म्हटलं. नऊ महिने पोटात वागवलं मी, अन् गोणीवर तुह्या बाजूले नाव कोणाचं, तर कमलाबाईचं! माह्या पोटात दुखते, सांगूनच टाकते. लहानपणी न्हाणीजवळ एक गांडूळ दिसलं की तू बाजेवर चढून मले हाका मारे. आता त्याच गांडुळांत कोपरापर्यंत हात घालून सासूसंगं खिदळतं. ते हसणं माह्या वाट्याचं होतं, बाई.

म्हणून तर संक्रांतीले तुमच्याकडे आलती तवा दोन किलो गांडुळं मागून आणले. तुले वाटलं आईले धंदा करायचा. कायचा धंदा! आपल्या दोघींत बोलाले काहीतरी राहीन, एवढंच. गोठ्यामागं सावलीत बेड केला, शेण थंड होऊ देलं, वरचं गोणपाट ओलं ठेवते, मुंग्या येऊ नाई म्हणून भवताल हळद टाकते. पण काही विचारलं की तुहं एकच, थांब, आईले विचारून सांगते. अवं, मंग मी कोण? बिदाईच्या वेळी सासूले आईच म्हणजो, हे मीच शिकवलं, माहीच जीभ झडो. तू इतकं मनावर घेशीन हे मले काय ठाऊक?

आता खरं सांगते. सोमवारी मी रडत फोन केलता ना, गांडुळं पटापट मरून राह्यले, लवकर ये म्हणून? अन् तू म्हटलं, घाबरू नको, रविवारी आईलेच पाठवते. माय वो! एकबी गांडूळ मेलं नाई, सुरभी. उलट दुप्पट झाले, गोणपाट उचललं की नुसती वळवळ. दिवाळीपासून तू घरी आली नाई, म्हणून मी त्यायले फोनवरच मारून टाकलं. कमलाबाई बेडात हात घालतीन अन् एका मिनिटात समजतीन. हसणार नाईत, शहाण्या बाई आहेत, म्हणूनच जास्त झोंबीन. कसंबी करून त्यायले थांबव. तूच ये. तुह्यासमोर खोटी पडाले मले लाज नाई.

तुहीच,
आई
(म्हणजे मी)