देवघरातलं फ्लोअरिंग

दादर, मंगळवार

प्रिय शकू,

दोन दिवाणखान्यांचं सागवानी फ्लोअरिंग, एक जिना आणि काल देवघर, सगळं माझ्या हातचं, कुणी न शिकवता. फळ्यांच्या सांध्यात पोस्टकार्डही शिरणार नाही. मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर आवाज कापला असता, म्हणून लिहितोय. वरून हातोड्याचा घाव घातला की फळीत खिळा मारणारा नेलर मी रोज पुसून त्याला दोन थेंब तेल देतो. काल गृहप्रवेशाच्या घाईत ते राहिलं. त्यात मालकीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, देवघरात बूट नकोत हं." मलाही पटलं. अनवाणीच उभा राहिलो. खिळा अडकला, मी रागानं दुसरा घाव घातला, तर नेलर उडाला नि खिळा पायाच्या अंगठ्याला घासून फळीत घुसला.

रक्त नाही आलं. पण आता हातोडा उचलला की पायाची बोटं आपोआप आखडतात. आईला सांगू नकोस.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मामा, ठोकाठोकी सोडा, नुसती देखरेख करा." आज हातोडा ठेवला तर पुन्हा उचलवणार नाही, याची मला जास्त भीती वाटते. म्हणून नको म्हटलं.

तुझाच,
धनेश

ता. क. महिना चाळीस हजार देत होता.