ताट स्वच्छ झालंच पाहिजे

३ जून, संध्याकाळ
डोकं फिरलंय. सात वर्षांच्या पोरीच्या लिव्हरवर चरबी! डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यासमोर असा धरला, जसा काही मीच आरोपी. म्हणाल्या, याची सुरुवात पाळण्यातच होते, बाळपणी कसं भरवत होतात? मी अभिमानाने सांगितलं, पोर पेंगत असली तरी अख्खी बाटली रिकामी करून घेणं या घरात फक्त मलाच जमायचं. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. कौतुक करायलाही दानत लागते.

४ जून
गुन्हेगार सापडले. सासूबाई, येताना हटकून केक. बायको, टीव्ही लावल्याशिवाय भरवत नाही. आणि ते शाळेचं कँटीन! उद्यापासून साखर, बिस्किटं, ज्यूस बंद. कपाटातला माल फेकणं जिवावर आलं, म्हणून आजच लेकीकडून संपवून घेतला. मध्येच थांबत होती. दरडावलं.

७ जून
डाएट जोरात. उकडलेल्या भाज्या, सॅलड. लेकीने अर्धं टाकलं. पारा चढला. पौष्टिक अन्न टाकते म्हणजे काय! ताट स्वच्छ होईपर्यंत उठू दिलं नाही. बायको म्हणाली, अहो, पोट भरलं असेल तिचं. म्हटलं, तुझ्या या लाडांनीच ही वेळ आणली. तेव्हापासून अबोला.

१२ जून
सासूबाई रिकाम्या हाताने आल्या. डॉक्टरांचं ऐकलंय म्हणे. मी भांडण तयार ठेवलं होतं, वाया गेलं. तो राग शाळेवर काढला. फोनवर कळलं, कँटीन केव्हाच बंद पडलंय. मग पालकांना कळवलं का नाही, म्हणून झाडलं.

२० जून
लेकीचं वजन वाढलं. काटा भंगार. नवा आणला. त्याचंही तेच. सगळ्या कंपन्या चोर.

१ जुलै
फेरतपासणी. बाईंनी मला चक्क गप्प बसवलं आणि लेकीला विचारलं, पोट भरलं हे तुला कसं कळतं? लेक गोंधळली. विचार करून म्हणाली, बाबा शाब्बास म्हणतात तेव्हा.

येताना टॅक्सीवाल्यावर उगाचच खेकसलो.

जेवताना लेक अर्ध्या ताटावर थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. बायकोही बघत होती. कोणावर चिडावं, काही सुचेना. शाब्बास म्हणायचं की नाही, तेही कळेना.