कप्तान सही करेनात

आबादान, इराण, ४ तीर १३३० (जून १९५१)

बढती! इंग्रज कंपनीचं तेल आता सरकारचं झालं, आणि मी धक्क्यावरचा पावती-अधिकारी! काम सोपं — तेल न्यायला आलेल्या जहाजावर चढायचं, कप्तानाची सही घ्यायची. पावतीत एकच ओळ : 'हे तेल इराण सरकारचं आहे आणि ते मला मिळालं.' धक्क्याचे नवे मुख्य रोकनीसाहेब म्हणाले, "घोबाद, सही नाही तर थेंब नाही!"

बायकोने, तूबाने, कोटाला इस्त्री केली. "अधिकारी झालात, आता मासळी तरी बघून आणत जा."

५ तीर

पहिला कप्तान इंग्रज. पावती दोनदा वाचली. "तेल कंपनीचं आहे."

"काल होतं," मी म्हटलं.

चहा चांगला पाजला. सही नाही.

६ तीर

दुसऱ्याचा म्हणे उजवा हात लचकलाय. "डाव्याने करा," म्हटलं. लगेच डावाही लचकला!

८ तीर

तिसरा नॉर्वेचा. भला माणूस. पेन काढलं — मी पावती पुढे सरकवली — आणि पावतीच्या पाठीवर बायकोचं चित्र काढलं. "सही केली तर माझी नोकरी जाईल. मग हिला काय सांगू?"

कागद रोकनीसाहेबांपुढे ठेवला.

"हे काय?"

"कप्तानाची बायको, साहेब."

"मग तिची तरी सही घ्यायची!"

११ तीर

आज हुकूम — सही घेतल्याशिवाय उतरायचंच नाही! नाही उतरलो. कप्तानाच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसलो. तोही हट्टी. दुपारी उकडलेले बटाटे पाठवले, मिठाशिवाय. खाल्ले. जरा डोळा लागला.

जागा झालो तर नदीकाठची खजुराची झाडं चालत होती! जहाज सुटलेलं, रिकामंच! ओरडत सुटलो. कप्तान शांतपणे म्हणाला, "बसा हो. लंडन दाखवतो."

शेवटी जहाजाला नदीतून वाट दाखवणाऱ्या वाटाड्याच्या होडीत उतरवलं. दोरीच्या शिडीवर कोट उसवला, पावत्या नदीत गेल्या. धक्क्यावर हमाल टाळ्या पिटत होते.

तूबा म्हणाली, "परदेशी जाऊन आलात, मला काय आणलंत?"

१९ तीर

आठवडाभर एकही जहाज नाही; कंपनी पाठवेचना. टाक्या काठोकाठ. तूबाचा भाऊ यदुल्ला कारखान्यात तेल गाळायच्या भट्टीवर असतो. आज जेवताना म्हणाला, "दाजी, आम्ही तेल गाळायचं ते ठेवायचं कुठे? तुमच्या खिशात?"

"आपलं तर आहे!"

"आपलंच आहे हो. पण प्यायचं का?"

खूप हसलो. मग तो म्हणाला, "टाक्या भरल्या की भट्टी बंद." तूबाने न विचारताच त्याला आणखी भात वाढला.

३ मोर्दाद

रोज कोट घालून जातो. नदी बघतो. रोकनीसाहेबही शेजारी येऊन बसतात. हल्ली हुकूम नाही सोडत. आज विचारलं, "तू केली असतीस का रे सही? कप्तानाच्या जागी असतास तर?"

खरं सांगितलं — "नसती केली, साहेब."

"मीही नसती केली," म्हणाले. आणि मला सिगारेट दिली.

९ मोर्दाद

कारखाना बंद. धुराडी थंड. तूबाने गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी वरून हाक मारली. लग्नाला अठरा वर्षं झाली. काजळीचा एक ठिपका नसलेली चादर या गावात आज पहिल्यांदा पाहिली. लख्ख पांढरी! तूबा ती छातीशी धरून रडत होती.