नळाजवळच्या वाफ्यातले न खायचे भोपळे

जळगाव,
कोजागिरीचा आदला दिवस

तीर्थस्वरूप नानांस,
धाकट्या गिरधरचा दंडवत. तुमच्या गुडघ्याने या पावसाळ्यात किती छळलं, म्हैस व्याली का, आणि कांदेबाग केळीची लागवड उरकली का, हे सवडीने कळवा. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. बेबाबाई माझ्याशी व्यवस्थित बोलते, फक्त भोपळ्याचा विषय निघाला की भांडी घासायला उठते. (फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण या घरात मी फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि तुम्ही फोनवर बोललेलं गल्लीत.)

तर भोपळे. आमच्या ममताने माझ्या वाढदिवसाला पुण्याहून बियांचं एक पाकीट धाडलं. वर चित्रं होती: एक भोपळा फेटा बांधल्यासारखा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, एकाच्या अंगभर चामखिळी, एक लांब मानेचा. हे खायचे नसतात, नुसते मांडून ठेवायचे असतात, असं तिने बजावलं होतं. बेबाबाईने विचारलं, "मंग त्यासनं करानं काय?" मी म्हटलं, बघायचं. त्यावर तिने माझ्याकडे, मी निवृत्त होऊन पहिल्या सोमवारी घरी बसलो तेव्हा पाहिलं होतं, तसं पाहिलं. नळाजवळचा वाफा तिच्या गिलक्यांच्या वेलांचा. गिलकी तात्पुरती परसात हलवून तो तिने मला एका हंगामापुरता दिला, पण अट घालून: दिवाळीपर्यंत बाहेरच्या एका तरी माणसाने आपणहून मागून एक भोपळा नेला, तर वाफा माझा. नाही तर गिलकी परत. नाना, तुम्ही मला लहानपणापासून 'याच्या हातून शेपूसुद्धा उगवायचा नाही' म्हणत आलात. तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी हा वाफा सोडायचा नाही.

मृगात बी टोचलं. वेल असे सुटले की शेजारच्या पुष्पाबाईंची स्कूटी एका आठवड्यात मांडवाखाली गेली. फुलं भरपूर, फळ एक धरेना, तेव्हा मी पहाटे उठून दाढीच्या जुन्या ब्रशाने एका फुलातले पराग दुसऱ्यात नेऊन लावायला लागलो. (पुष्पाबाईंनी कॉलनीत सांगितलं, गिरधरभाऊ फुलांची दाढी करतात.) फळं धरली आणि याच पुष्पाबाई कुंपणाशी येऊन, चांगली तर्जनी रोखून म्हणाल्या, "अय माय, कितला फय लागनात!" आता आपल्या आईने आपल्याला कोवळ्या फळाकडे बोट वाकवूनच दाखवायला शिकवलं होतं की नाही? चार दिवसांत त्यातली दोन फळं देठाशी पिवळी पडून गळाली. खतवाल्या दुकानदाराने फळमाशीचं औषध दिलं. मी ते मारलं, पण मी जे पाहिलं ते पाहिलं. लगेच पाटी रंगवून लावली: 'फळांकडे बोट दाखवू नये.' इथे माझी चूक झाली. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून, एकेका अक्षराखाली बोट फिरवत ती पाटी मोठ्याने वाचू लागला, आणि पाटी मी नेमकी सगळ्यात चांगल्या फळापुढे ठोकली होती. ते फळही गेलं. मग पाटी उपटली आणि उरलेल्या फळांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. त्यावर लोकांना तो नवस वाटला. एकदा तर कुणीतरी वेलाशी नारळ ठेवून गेलं. (त्याची बेबाबाईने चटणी केली.)

पण मी हटलो नाही. वेल वाळेपर्यंत कात्रीला हात लावला नाही. देठ बुचासारखा कोरडा झाला, सालीत नख रुतेना, तेव्हाच एकेक फळ वीतभर देठ ठेवून कापलं आणि ओसरीत सावलीला खाटेवर सुकत घातलं. नाना, खरं सांगतो, त्या खाटेपाशी उभं राहून मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हातून काहीतरी उगवलं, आणि देखणं उगवलं.

मागायला मात्र कुणी येईना. समोरचा भिकन आला, एक उचलून ठोकून पाहिला, म्हणाला, "भाजी कशी व्हस याची?" मी म्हटलं, होत नाही. त्याने तो खाली ठेवला आणि हात पुसले. पुष्पाबाईंच्या गळ्यात मी एक बळेच घातला (हा हिशेबात धरायचा नाही, असं बेबाबाईने तिथल्या तिथे जाहीर केलं), तर त्यांनी सांगूनही ऐकलं नाही, शिजवला. पहिल्याच कडूजहर घासाला सगळं घर मोरीकडे धावलं. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे राहिलेला आमचा डबा त्यांनी तीच भाजी भरून परत केला.

तरीही मी वाफा सोडणार नाही. पुढच्या मृगाला त्याच जागी बी पडेल, हे लिहून ठेवा. वहिनींना नमस्कार.

आपला,
गिरधर

ता. क. समोरच्या भिकनचा मुलगा लखन उद्या जीप घेऊन तुमच्याकडे भडगावला येतोय. बेबाबाईने तुमच्यासाठी चकल्या दिल्यात, त्या डब्याच्या तळाशी हे पत्र ठेवतो. आता मुख्य काम: परवा सकाळी बेबाबाईला फोन करा आणि नातीच्या साखरपुड्याच्या मांडवात मांडायला गिरधरचे भोपळे पाहिजेतच, असं तुमच्या नेहमीच्या आवाजात सांगा. मी लिहिलं होतं हे कुठेही येऊ देऊ नका.

ता. क. नाना, मी बेबाबाई. डबा मी भरस, तं डबाना तय बी मीच पाहस. पत्र वाचं. फोन करानी गरज नही. वाफा त्यासनाच ऱ्हाई, पण दिवाईपर्यंत त्यासले सांगानं नही. वाफा जाई या धाकमा ते रोज सकाये मन्हा गिलकासले पानी टाकतस. साखरपुडाले सगया भोपया लई जा. फक्त लांब मानना मागू नका. तो माले पाहिजे.