वैद्य, घंटा आणि चार ओझ्यांचं खेचर

तळेगाव दाभाडे,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप यशोधरामावशीस,

अश्लेषाचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी निदान सहा अंगं खरोखरच वाकली आहेत असं समज. उरलेली दोन शनिवारच्या ओव्हरटाइमनंतर हलत नाहीत.) इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? हे मायन्यापुरतं विचारलेलं नाही, पण त्याबद्दल शेवटी लिहीन, कारण आत्ताच त्यात शिरले तर बाकीचं लिहायचं धैर्य उरणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे निरोप तू वाचतेस, निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही येत नाही. सहा आठवडे झाले. कागदावरचं पत्र आलं की तुझ्या पिढीच्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही असं आई म्हणते, म्हणून हा खटाटोप. पोस्टावर विसंबले नाही, उमेशच्या हाती देते आहे. त्याला चहा विचार. नाही विचारलास तरी तो मागून घेईल.

पत्र पाकिटात जाण्याआधी आई ते वाचणार हे तुला मी सांगायला नको. आणि तिची अजून अशी समजूत आहे की आपण दर रविवारी तुझ्या लोणावळ्याच्या घरी फासे टाकून जुगार खेळतो. तेव्हा या चार ओळी तिच्यासाठी. आई, हा जुगार नाही. ही एक गोष्ट आहे, ती आम्ही सगळे मिळून बोलत बोलत रचतो. मी सूत्रधार, म्हणजे डोंगर, गुहा, राक्षस आणि नियम माझे. तुझा शौनक मांत्रिक होतो, उमेश लढवय्या होतो, मावशी वैद्य होते. कुणाचं काय झालं ते फासा ठरवतो. यात कुणी काही हरत नाही. (हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते, पण आईसाठी राहू देते.)

तर तुझ्या माघारी (हा शब्द जरा अशुभ दिसतो, पण दुसरा सुचत नाही) आपल्या खेळात वैद्याची जागा रिकामी आहे, आणि ती भरायला कुणी तयार नाही. शौनकचं म्हणणं असं की दोष माणसांचा नाही, त्या भूमिकेचाच आहे. लढवय्याला तलवार, मांत्रिकाला वीज, आणि वैद्याने काय करायचं, तर दुसऱ्यांच्या जखमा बांधत मागून चालायचं. असली भूमिका कोण घेईल, ती मुळातून नव्याने बांधायला हवी. मी कारखान्यात सहा दिवस दुसऱ्यांची वेळापत्रकं नव्याने बांधते, मावशी. सातव्या दिवशी हे. पण तू अडीच वर्षं ती भूमिका केलीस आणि आम्हाला कधी वाटलंच नाही की तीत काही कमी आहे. मांत्रिकाला तू औषधाचा पाच दिवसांचा कोर्स पुरा करायला लावलास. तिघे जखमी झाले तर आधी नंबर लावायचीस आणि राजपुत्राला तिसरा बसवायचीस. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई वैद्य झाली की काय होतं ते आम्ही फुकटात पाहत होतो.

आता त्या रविवारबद्दल. मी टाळणार होते, पण टाळलं तर पुढचं कळणार नाही. नागगुहेतून तू आम्हा सगळ्यांना जिवंत बाहेर काढलंस, त्यात तुझी झोळी रिकामी झाली आणि अगदी दाराशी तू स्वतः पडलीस. वैद्याला स्वतःवर उपचार करता येणार नाहीत, हा नियम माझा. कॅन्टीनमध्ये एका वेळापत्रकाच्या पाठीमागे मी तो लिहिला होता. त्याने खेळात करुणा येईल असं मला वाटलं होतं. बाहेर खेचर उभं. खेचरावर चार ओझी मावतात, हाही नियम माझा. माणूस म्हणजे तीन ओझी, आणि जिच्यासाठी आम्ही महिनाभर डोंगर पालथे घातले ती काशाची घंटा म्हणजेही तीन. बेरीज जमेना. उमेश या बाबतीत फारच काटेकोर निघाला. कामशेतहून तिकोणा पेठेला नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा माणसं, दोन दुधाच्या किटल्या आणि एक बोकड नेणारा हा गृहस्थ पुन्हा पुन्हा बजावत होता, “चारच वझी. जनावराला काय जीव न्हाई व्हय?” मग मी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. पडलेल्याला मत नाही, हा तिसरा नियमही माझाच. दोन मतं घंटेला, एक तुला. कुणी काय लिहिलं ते गुप्त. तू तुझ्या वैद्याचा कागद चार घड्या करून चष्म्याच्या घरात ठेवलास, आम्हाला साबुदाण्याची खिचडी वाढलीस, वर दही हवं का विचारलंस, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवलास की गुडघे दुखतात, आता रविवारचं जमणार नाही.

आम्ही तिघांनी बसून त्या निरोपाचा अर्थ लावला. अर्थ असा निघाला की तू रागावली आहेस. माफी मागायची कुणाची छाती होईना, म्हणून आम्ही नियम दुरुस्त करायला घेतले. (आपल्या घराण्याची ही जुनी रीत आहे. माणूस दुखावला की आपण फर्निचर हलवतो.)

तुझं घर बंद झाल्यावर बैठक औंढ्याला उमेशच्या ओटीवर गेली. जागा हवेशीर आहे, तक्रार नाही. फक्त आपण शत्रूसैन्य म्हणून शेंगदाणे मांडतो, हे उमेशच्या कोंबड्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच रविवारी चाळीस राक्षसांची फौज दीड मिनिटात गारद झाली आणि शौनक म्हणाला की याचं श्रेय आम्हाला मिळालं पाहिजे. त्यावर पाऊण तास वाद झाला. मी कोंबडीला श्रेय दिलं.

पहिली दुरुस्ती अशी, की वैद्याला हत्यार द्यायचं. शौनकने हौसेने ती भूमिका घेतली. हातात परशू आल्याबरोबर त्याला झोळीचा विसर पडला. पुलावर उमेशचा लढवय्या रक्ताळून हाका मारतोय आणि वैद्यराज पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी मागे धावताहेत. सगळे मेले. झोळी उघडून पाहिली तर एकवीस औषधं जशीच्या तशी.

दुसरी दुरुस्ती मी फार विचार करून केली (तीन दिवस बसमध्ये उभ्याने). वैद्यच नको. प्रत्येकाला आपापली जखम भरता यावी, एक मंत्र म्हटला की काम झालं. तो रविवार मी विसरणार नाही. कुणी मेलं नाही, कुणी अडलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. जो तो आपला मंत्र म्हणून पुढे. चाळीस मिनिटांत किल्ला जिंकला आणि तिघेही भिंतीला टेकून बसलो. उमेश म्हणाला, “ह्यात काय मजा न्हाई. कुनाला काय मागायचंच न्हाई.” मला वाईट वाटलं, कारण नियम लिहिताना नेमका तोच आपला विजय असं मी समजत होते.

तिसऱ्या वेळी नियम नाही, माणूस बदलला. उमेशची आई, बायामावशी, चुलीपुढून हे सगळं ऐकत होती. उमेश तुझ्याच हातावर जन्माला आला हे ती प्रत्येक भेटीत सांगते, तेव्हा वैद्याचं काम आपल्यालाही थोडंफार कळतं असं तिचं मत. बसवली तिला. पहिली जखम झाली तेव्हा तिने औषध द्यायला साफ नकार दिला. “पैलं जेवा. उपाशीपोटी गोळी घेत न्हाईत.” नियमांत जेवण नव्हतं, मग मी जेवण घातलं. पुढे राक्षस पडला. उमेश शेवटचा घाव घालणार तेवढ्यात बायामावशीने आपली पाळी मागितली आणि राक्षसाला औषध पाजलं. का, तर “त्यो बी पडलाय की. त्याला बी आई आसंल.” शत्रूला बरं करू नये असा नियम मी केलेला नव्हता. राक्षस उठला, त्याने शौनकला दरीत फेकलं आणि माझ्या मते अगदी न्यायाने फेकलं.

खेळ आवरताना तिने माझी नियमांची वही मागितली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. “वैद्याला स्वतःवर उपचार करता येणार नाहीत” इथे तिने मला थांबवलं. म्हणाली, “बरं. मंग ही पडली तर हिला कोन बगतं?” मी म्हटलं, ते लिहायचं राहिलंय. ती म्हणाली, “राहिलंय कसं? त्येच तर पैलं लिवायचं.” आणि कोंबड्या कोंडायला उठून गेली. मी वही मिटली. पुढचे दोन दिवस माझा कारखान्यातला एकही आकडा जुळला नाही.

तर नवा वैद्य आता तयार आहे, आणि गंमत म्हणजे तुझ्या भूमिकेत मी काहीही बदललेलं नाही. तीच झोळी, तीच मागून चालायची जागा. बदललेत बाकीचे. नवा नियम असा: वैद्य पडला तर ज्याच्या हातात जे असेल ते त्याने खाली ठेवायचं. तलवार, वीज, घंटा, सगळं. फासा टाकायचा नाही, मत घ्यायचं नाही. आधी वैद्याला उचलायचं, मग पुढची गोष्ट. शौनक म्हणतो याने खेळाचा समतोल बिघडतो. बिघडू दे. मी समतोल राखून राखून दमले आहे. चिरंजीव शौनकचा तुला नमस्कार. आईचाही, आणि तिचा प्रश्न आहे की मुळ्याच्या लोणच्याची बरणी परत कधी करतेस.

पत्र फार लांबलं. थोरांस नमस्कार, आणि धाकटं तुझ्या घरात मांजराशिवाय कुणी नाही, त्याला गोंजारणं.

तुझी भाची,
अश्लेषा

ता. क. चिठ्ठ्या गुप्त असतात असं वर लिहिलं आहे. ते आता राहू दे. तुला पडलेलं ते एक मत उमेशचं होतं. “चारच वझी” असं तो बजावत होता ते घंटा उतरवा म्हणून, आणि आपण सगळे त्याचा अर्थ उलटा लावून बसलो. घंटेला पडलेलं पहिलं मत तुझ्या सख्ख्या भाच्याचं, शौनकचं. ते दोघे एकास एक अडले तेव्हा तिसरी चिठ्ठी सूत्रधाराची, म्हणजे माझी. त्या घंटेची पुढची गोष्ट मी महिनाभर खपून लिहिली होती आणि ती वाया जाईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू समोर बसून शेंगा सोलत होतीस. माझं चुकलं, मावशी. हे वर मायन्यातच लिहायला हवं होतं.

ता. क. दुसरा. (हे आईने वाचून झाल्यावर लिहिते आहे, पाकीट पुन्हा उघडून.) गुडघ्यांबद्दल शेवटी लिहीन म्हटलं होतं. मंगळवारी उमेशने तुला हाडांच्या डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना पाहिलं, काठी घेऊन, एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. तुला हाक मारली तर तुला आवडणार नाही म्हणून त्याने मारली नाही, पण आत जाऊन विचारलं. त्याला सगळं कळलं आहे. पुढच्या सोमवारी (उद्याच्या नव्हे, त्यानंतरच्या) ऑपरेशन आहे आणि फॉर्मवर सोबत कोण, या रकान्यात तू रेघ मारली आहेस. म्हणजे तू रागावली नव्हतीस. तुझे गुडघे दुखत होते आणि तू तसंच लिहिलं होतंस. आम्ही सहा आठवडे नियम दुरुस्त करत बसलो.

ता. क. तिसरा आणि खरा. एवढं सगळं लिहिलं ते हे विचारण्यासाठी, की सोमवारी सकाळी आठला आम्ही आलो तर दार उघडशील ना? खेळायला नाही. मी आठवडाभराची रजा टाकली आहे, शौनकनेही. उमेशने त्या दिवसाच्या तिकोण्याच्या सगळ्या फेऱ्या सोडल्यात आणि तुझा पाय लांब करता यावा म्हणून जीपची मधली सीट काढून ओटीवर ठेवली आहे, तिच्यावर सध्या कोंबड्या बसतात. त्याचा निरोप शब्दशः देते: “मावशींना सांग, गाडीत त्या एकट्याच. दुसरं मानूस घेनार न्हाई.” मी आणि शौनक मागे बसणार आहोत. आम्हाला तो सामानात धरतो.